बॅनरवरचे वामन मढवी

घणसोली गावात माणसाचं वजन बॅनरवर दिसतं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची भजन मंडळावर निवड होवो नाहीतर कुणी नवी गाडी घेवो, दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर बॅनर हजर. वर ज्याचा मान त्याचा हा एवढा फोटो, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. आणि खाली शुभेच्छुक म्हणून टपाल तिकिटाएवढ्या तोंडांची रांग. वामन मढवींचं तोंड सगळा जन्म त्या खालच्या रांगेत राहिलं. तेही अगदी टोकाला, जिथे भोक पाडून दोरी ओवतात तिथे. एका वर्षी दोरी नेमकी त्यांच्या गळ्यातून गेली. त्यांची बायको सखू बाजारातून मासळी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "जा बगून या. तुमाला नाक्यावर फाशी दिलीय."

वामन स्वतःच तो किस्सा सगळ्यांना सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे. पण मनातून त्यांना एकदा वरच्या जागेवर जायचं होतं. गॉगल घालून.

ते महापालिकेच्या बसवर ड्रायव्हर. खाडीकाठची जमीन शहरात गेली तेव्हा वडिलांनी मिठागराचं काम सोडलं आणि वामनने स्टिअरिंग धरलं. पुढची सगळी वर्षं डिझेलच्या बसवर गेली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून डेपोत त्यांचं नाव होतं, निदान त्यांची तशी समजूत होती. आणि निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असताना त्यांच्या ताब्यात विजेवरची बस दिली गेली.

पहिल्या दिवशी त्यांनी बटण दाबलं आणि वाट बघत बसले. आवाज येईना. परत दाबलं. परत वाट बघितली. तिसऱ्यांदा दाबलं. मागे माणसं खचाखच भरलेली. शेवटी कंडक्टर पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काका, चालू हाय. तुमी तिला दोनदा चालू नि एकदा बंद केली." त्या दिवशी घरी येऊन वामन सखूला म्हणाले, "इतकी वर्सं मना वाटत व्हता मी बस चालवतो. मी नुसता आवाज चालवत व्हतो."

महिनाभरात मात्र त्यांना ती बस आवडायला लागली. पाय दुखेना, कान बधिर होईना, शर्टाला डिझेलचा वास येईना. पण हे डेपोत कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जुन्या ड्रायव्हरांमध्ये नव्या बसला नावं ठेवण्याची रीत होती आणि वामन रीत पाळणारे.

त्याच सुमाराला महापालिकेने आपला धूर मोजायला घेतला होता. रस्त्यावरच्या दिव्यांना किती वीज लागते, सांडपाण्याचे पंप किती खातात, कचऱ्याच्या गाड्या किती डिझेल पितात, कचराभूमीतून किती वायू निघतो, असं सगळं मोजून तो कसा कमी करायचा याचा आराखडा तयार झाला. हातातल्या गोष्टी महापालिकेने आधी घेतल्या. दिवे बदलले, बस बदलल्या, इमारतींच्या गच्चीवर सौर पॅनेल चढली. पण मोजणीत असं निघालं, की महापालिकेच्या स्वतःच्या हातातलं फार थोडं आहे. बाकीचा धूर लोकांच्या घरात, गाडीत आणि परसात. तिथे आयुक्तांचा आदेश चालत नाही. तिथे माणसाला माणसानेच सांगावं लागतं.

म्हणून पर्यावरण विभागातल्या ईश्वरी मॅडमनी एक मोहीम काढली. महापालिकेतल्याच साध्या माणसांचे फोटो लावायचे. एक माळी, एक सफाई कामगार, एक पंप चालवणारा, एक बस ड्रायव्हर. ईश्वरी मॅडम म्हणजे वाशीला सोसायटीत राहणारी, तिशीतली, भरभर बोलणारी बाई. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, आणि समोरचा माणूस जे बोलेल ते तसंच लिहून घ्यायची सवय. ही सवय पुढे वामनला फार महागात पडली.

ड्रायव्हर म्हणून डेपोने रणजीतचं नाव दिलं होतं. रणजीत तरुण, देखणा, दात पांढरेशुभ्र. पण फोटोच्या दिवशी त्याला कांजिण्या आल्या. फोटोवाला ताटकळला, बस धुऊन पुसून उभी होती, आणि नेमके वामन चहा पिऊन मिशा पुसत समोरून आले.

"काका, तुम्ही उभे राहता का?" ईश्वरी मॅडम म्हणाल्या.

वामनने नको नको म्हणत टोपी काढली, केस सारखे केले, टोपी घातली, परत काढली. फोटो निघाले. मग मॅडमनी वही-पेन काढलं. "काका, बस तर तुम्ही धूर न सोडणारी चालवताच. घरी पर्यावरणासाठी काय काय करता?"

घरी वामन पर्यावरणासाठी काय करतात हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "नाही" म्हणावं तर फोटो जायचा.

"सगलाच करतो, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी मान डोलवली आणि लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बॅनर लागले. डेपोच्या भिंतीवर, बसथांब्यांवर, आणि घणसोली गावात नाक्यावर, मढवींच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी. पूर्ण बॅनरभर एकटे वामन. मागे हिरवी बस, पुढे मिशा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "मी धूर सोडत नाही. तुम्ही?"

वामन सखूला हाताला धरून बघायला घेऊन गेले. सखू दुसरी इयत्ता शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून वाक्य वाचलं, थोडा वेळ बॅनरकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मंग बिड्या कोन ओडतं?"

"ती गोस्ट वेगली."

"नि परसातला कचरा रोज तिनीसांजेला कोन पेटवतं?"

"मच्छरांसाठी पेटवतो मी."

"मच्छर काय बोलतात, त्यांच्या घरी धूर चालत नाय का?" असं म्हणून सखू निघून गेली.

वामन मात्र तिथेच राहिले. घरी जाऊन त्यांनी स्कूटर काढली आणि नाक्यावरून एक चक्कर मारली, नुसतं चालत्या गाडीवरून आपण कसे दिसतो ते बघायला. छान दिसत होतं. मग उलट्या बाजूने कसं दिसतं तेही बघितलं. तिसऱ्या फेरीला बॅनरखालीच थांबले. ती स्कूटर त्यांच्या लग्नाइतकी जुनी. तिच्यातून असा निळा धूर यायचा, की मागचा माणूस गल्ली बदलायचा. समोर प्रितमचं झेरॉक्सचं दुकान. प्रितमने दुकानातूनच मोबाइल उचलला आणि फोटो काढला. वर मोठे वामन, "मी धूर सोडत नाही", आणि खाली छोटे वामन, कमरेपर्यंत धुरात.

जेवायला बसेपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर, डेपोच्या ग्रुपवर, भजन मंडळाच्या ग्रुपवर, आणि सखूच्या माहेरी जाऊन आला होता. सगळ्यात जास्त हसणारे चेहरे वामनच्याच धाकट्या भावजयीने, रखमाने, पाठवले होते.

वामनला राग आला, पण फोटो परत परत बघताना त्यांनाच हसू फुटायला लागलं. त्यात धुरातून फक्त मिशा दिसत होत्या. "आयला, सखू," ते म्हणाले, "मी तं निसता देवाला दाखवायच्या धुपासारखा दिसतो."

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं जगणं कठीण झालं. खालच्या रांगेतल्या तोंडाला कुणी ओळखत नाही, हे त्या तोंडाचं केवढं सुख असतं ते त्यांना आता कळलं. पानपट्टीवर बिडी मागितली, की पानवाला विचारायचा, "बॅनरला विचारलंत का?" बसमध्ये एक शाळा मास्तरीण रोज पुढच्या सीटवर बसायची. ती म्हणायची, "तुम्हीच ना ते? माझ्या मुलांना दाखवलं मी तुम्हाला." वामन पुढचा आरसा उगाचच हलवायचे. दूध आणायला डेअरी हाकेच्या अंतरावर, पण स्कूटरशिवाय ते कधी गेले नव्हते. आता पायी जावं लागलं. आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण, "काय, स्कूटर बिघडली?" असं मुद्दाम विचारायचा.

बिडी त्यांनी लपून ओढायला सुरुवात केली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे. एकदा तिथे वरच्या खोलीतली भाडेकरीण कपडे वाळत घालायला आली. साताऱ्याकडची बाई, बोलायला सरळ. "काका, तुमी न्हवं का त्या फोटोत?" एवढंच म्हणाली. वामनने पेटती बिडी खिशात घातली. शर्टाला भोक पडलं ते पडलंच, सखूला काय सांगायचं हा आणखी एक प्रश्न. त्या दिवशी त्यांनी बिडी सोडली. मनोनिग्रह वगैरे काही नव्हता. आता दुसरा शर्ट जाळायची ताकद नव्हती, असं ते सांगतात.

परसात कचरा पेटवणंही बंद झालं. पण मग कचऱ्याचं करायचं काय? वामनने धीर करून ईश्वरी मॅडमना फोन लावला. मॅडमना केवढा आनंद झाला. त्यांनी ओल्या कचऱ्याचं खत करायचा निळा ड्रम पाठवला आणि फोनवर सगळं समजावून सांगितलं. वामनने "हो हो" म्हणत ऐकलं. ड्रायव्हर माणूस, रस्ता एकदा सांगितला की पुरे, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी ड्रममध्ये घरातलं सगळं टाकायला घेतलं. मढवींच्या घरातलं सगळं म्हणजे बोंबलांची डोकी, करंदीची सालं, खाडीतल्या निवट्यांची आतडी. पाल्याचा पत्ता नाही, माती नाही. आठवडा उलटला तसा ड्रममधून असा वास उठला, की वरचे भाडेकरू खिडक्या लावून बसले आणि अख्ख्या गावठाणातली मांजरं मढवींच्या परसात राहायला आली. मांजरं भांडायची, ड्रमवर उड्या मारायची. एक दिवस ड्रम कलंडला आणि सगळं खत म्हणा की काय म्हणा, धाकट्या भावाच्या दारात वाहत गेलं.

रखमा दारात उभी राहून ओरडली, "याच्यापेक्षा पेटवत व्हतात ता बरा व्हता!"

ईश्वरी मॅडम स्वतः आल्या. तोंडाला रुमाल लावून परसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, मी सांगितलं होतं ना, सुरुवातीला मासळी नाही टाकायची. आणि प्रत्येक थरावर सुका पाला हवा."

"पाला कुटनं आनू, मॅडम?"

मॅडमनी परसातल्या आंब्याखाली बोट दाखवलं. तिथे पालाच पाला पडला होता. इतकी वर्षं वामन रोज संध्याकाळी तोच गोळा करून जाळत आले होते.

वामन खाली वाकले आणि ओंजळभर पाला उचलला. "मॅडम," ते म्हणाले, "तुमी तो बॅनर काडून टाका. त्याच्याखाली मी शोबत नाय. मी घरी काय करत नव्हतो. तवा खोटा बोललो."

ईश्वरी मॅडम हसल्या. "मला थोडा अंदाज आला होता, काका. पण फोटो चांगला आला होता. आणि आता करताय ना?"

"आता काय, लाजेकाजेनं करतो."

"चालेल. हवेला कारण कळत नाही."

सखूने मॅडमना चहा दिला. चहा पिताना वामनने जे विचारायचं होतं ते आडवळणाने विचारलं. "मॅडम, ते हलदीला जनरेटर लावतात, मोटे ट्रकवरचे. त्याचा धूर पन मोजता का तुमी?"

"मोजतो ना. लगीनसराईत गावठाणांमध्ये तर खूप निघतो. का हो?"

"नाय. असाच."

असाच नव्हता. मिथुनची हळद तोंडावर आली होती. मिथुन म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, रखमाचा एकुलता. त्याची सुपारी फुटली त्या दिवशी, म्हणजे बॅनर लागायच्या कितीतरी आधी, वामनने भरल्या घरात छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "हलदीचा जनरेटर माज्याकडून. साधा नाय. ट्रकवरचा." आगरी गावात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. आणि हळद कुणाच्या घरची किती मोठी हे गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या जनरेटरवरून कळतं. तो घुमायला लागला, की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसालाही कळतं की मढवींकडे आज हळद आहे.

आता गल्लीच्या तोंडाशी वामनचा बॅनर होता. तो ट्रक उभा राहणार तो बरोबर त्याच्या खाली. प्रितमचं दुकान समोर. वामनला पुढचा फोटो आत्ताच दिसायला लागला.

त्यांनी आधी भ्याड मार्ग धरला. मिथुनला म्हणाले, जनरेटरवाला त्या दिवशी मोकळा नाही. मिथुनने अर्ध्या तासात दुसरा शोधून आणला. मग म्हणाले, ट्रक गल्लीत वळणार नाही. मिथुन म्हणाला, "काका, तुमी एवढी मोटी बस वळवता, तुमीच वळवा की." शेवटी वामनने खरं काय ते सांगून टाकलं. वीज कंपनीकडे कार्यापुरतं तात्पुरतं मीटर मिळतं, आपण ते घेऊ. हे त्यांनी मॅडमना फोन करून विचारून घेतलं होतं; मॅडमनी सांगितलं होतं, की ती वीजही बरीचशी कोळशावरचीच, त्याबद्दल खोटं बोलायचं नाही, पण डिझेल जाळण्यापेक्षा बरी आणि धूर गल्लीत नाही.

मिथुनला तसं चालणार होतं. त्याला फक्त एक काळजी. "काका, लाईट गेली तर?"

"नाय जानार. मी बसतो मीटरजवल."

रखमाला चालणार नव्हतं. ती वामनसमोर काही बोलली नाही. थोरल्या दिरासमोर पदर सावरून ती आत गेली आणि भांडी आपटली. त्या भांड्यांचा अर्थ सगळ्या घराला कळला.

हळदीच्या दिवशी वामनने शब्द पाळला. संध्याकाळ व्हायच्या आधीच खुर्ची घेऊन ते मीटरशेजारी बसले. नवा पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, आणि तोंड मीटरकडे. येणारे पाहुणे आधी मांडवाकडे जायचे, मग विचारायचे, "तिकडं कोन बसलाय?" वायरमनच समजून एकाने त्यांना घरचा पंखा दुरुस्त करायलाही बोलावलं.

दिवे लागले. वाजंत्र्यांचा बेंजो सुरू झाला. मिथुन पाटावर बसला, बायकांनी हळद लावायला घेतली, पोरं नाचायला लागली. दिवे गेले नाहीत. फडफडलेसुद्धा नाहीत. वामनने आदल्या दिवसापासून एक भाषण पाठ केलं होतं. जनरेटर का नाही, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, कार्बन म्हणजे काय, आपल्या महापालिकेने काय काय केलं, सगळं. पण विचारेचना कुणी. ते उठून माणसांमध्ये फिरायला लागले, कुणी विचारेल म्हणून. शेवटी त्यांनीच एका म्हाताऱ्याला छेडलं.

"काय नाना, आज आवाज कमी वाटतो ना?"

"बेंजोचा? नाय रं, बरोबर हाय."

"बेंजोचा नाय, जनरेटरचा."

"जनरेटर हाय का?" नाना म्हणाला आणि वड्यांच्या दिशेने निघून गेला.

वामन परत खुर्चीवर येऊन बसले. आपण महिनाभर ज्याच्यासाठी झोप उडवून घेतली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात बेंजोवाल्यांना चहा आला आणि वाजवणं थांबलं.

आता गावातल्या बायकांना एक सवय होती. हळदीत मागे चुलींपाशी जे काही बोलायचं ते मोठ्याने बोलायचं. कारण जनरेटर कायम घुमत असतो, वाजंत्री थांबली तरी त्याची घरघर थांबत नाही. तिच्या आडोशाला आजवर कितीतरी सासवा, सुना, जावा, नणंदा सोलून निघाल्या होत्या आणि पुढच्या खुर्च्यांवर कुणाला कधी अक्षर ऐकू गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरघर नव्हती. मांडवात एकदम शांतता पडली आणि त्या शांततेत मागून रखमाचा खणखणीत आवाज आला.

"...भरल्या घरात बोलला, ट्रकवरचा जनरेटर आनतो! नि आनला काय, तं वायरीचा तुकडा! बॅनर लागला तशी मानसाची अक्कल गेली! माज्या पोराच्या हलदीला मीटर राखत बसलाय!"

मांडवात एकूण एक मान मागे वळली. मग एकूण एक मान वामनकडे वळली. मिथुन पाटावर हळदीने माखलेला, त्याचे डोळे एवढे मोठे झाले. मागे कुणीतरी बाई "गप, गप, ऐकू येतं" म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू आलं.

वामनला बसून राहवेना. ते उठले. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. बेंजोवाल्यांचा माइक समोर होता म्हणून त्यांनी तो उचलला. पाठ केलेलं भाषण सगळं विसरलं होतं.

"रखमा बोलते ता खरा हाय," ते म्हणाले. "जनरेटर मी कबूल केलेला. नाय आनला."

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"पन कार्बनसाठी नाय आनला असा कोनी समजू नका. बॅनरला घाबरून नाय आनला. त्याच्याखाली ट्रक उबा राहिला असता तं प्रितमनं फोटो काडला असता."

प्रितम मांडवातच होता. त्याने दोन्ही हात वर केले. हशा झाला.

रखमा आता बाहेर आली. तिचा चेहरा लाल, हाताला कालवणाचा मसाला. परत फिरायची सोय राहिली नव्हती, तेव्हा ती पुढेच आली. "नि कचरा? माज्या दारात मांजरं आनून सोडली ता सांगा!"

"मांजरं आनली," वामनने माइकवर कबूल केलं. "नि वास पन."

"नि स्कूटर? पानपट्टीवर जायला स्कूटर लागायची!"

"निसत्या पानपट्टीवर नाय, डेअरीला पन लागायची," वामन म्हणाले. "आनी गावदेवीच्या देवलात. देवल तं दिसतं आमच्या दारातनं."

आता हसू आवरेना. सखू तोंडाला पदर लावून हलत होती. रखमाही बोलता बोलता थांबली, कारण जे ती काढणार होती ते दीर आधीच जास्तीचं घालून सांगत होते. "येवडा सगला समजतं," ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती, "तं आदी का नाय सांगितलात? मी पाव्हन्यांना सांगून ठेवला, ट्रकवरचा येनार म्हनून. माजं तोंड काय राह्यलं?"

हे मात्र वामनला लागलं. स्वतःच्या तोंडाचा त्यांनी महिनाभर विचार केला होता. रखमाच्या तोंडाचा एकदाही केला नव्हता. त्यांनी माइक खाली ठेवला, तिच्यासमोर गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चुकला माजा. तुला इचारायला पायजे व्हता." तेही पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं, पण त्याला इलाज नव्हता.

बेंजो परत सुरू झाला. त्या संध्याकाळी बायका मागे कुजबुजत बोलल्या आणि त्याचा सगळ्यांनाच फार त्रास झाला. बेंजोवाल्यांच्या म्होरक्याने जाताना वामनला बाजूला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं वाजवणं नीट ऐकू आलं होतं, आणि एक पोरगा किती वर्षांपासून बेसूर वाजवतोय तेही कळलं होतं. "आता त्याला काडावा लागंल," तो खिन्नपणे म्हणाला.

रखमा त्यानंतर बरेच दिवस वामनशी बोलली नाही. परसात भेटली, की ड्रमकडे बघून जायची. ड्रम आता ठीक होता. पाला घातल्यापासून त्यातून नुसता ओल्या मातीचा वास यायचा. मांजरं एकेक करून निघून गेली होती.

मोहीम संपली तसे बॅनर उतरले. गावातून हळदीसाठी तात्पुरतं मीटर कसं घ्यायचं हे विचारायला दोन-चार घरं वामनकडे येऊन गेली. वर्षअखेर ईश्वरी मॅडमचा फोन आला, तेव्हा वामनने न राहवून विचारलं, "मॅडम, आमच्या गावानं किती कमी केला हो? एकून शहरात?"

मॅडमना खोटं बोलता यायचं नाही. "काका, अख्ख्या शहराच्या मानाने बघितलं तर... दशांश चिन्हाच्या पुढे बरंच लांब जावं लागतं."

"म्हनजे दिसतो तरी का?"

"दिसतो. नीट बघितलं तर."

फोन ठेवून वामन ओटीवर येऊन बसले. एक शर्ट जळला, गावात शोभा झाली, भावजय बोलेनाशी झाली, आणि एवढं करून दशांशाच्या पलीकडे कुठेतरी आपण उभे! मग त्यांनी सखूला हाक मारून ते सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना इतकं हसू आलं, की ठसका लागला. सखूने पाणी दिलं आणि म्हणाली, "बिडी सुटली ना? मना तेवडा बास हाय."

त्याच आठवड्यात रखमा दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दादा, माज्या भावाच्या पोरीची हलद हाय. पावणे गावाला."

"बरा मंग?"

"तो बोलतो मीटर घेयाचा. त्याच्या गल्लीत आधीच कारखान्यांचा धूर, म्हातारीला दम लागतो. तुमी येऊन त्याला सांगता का, काय नि कसा?"

वामनने तिच्याकडे बघितलं. "आनी बायका मागं बोलतील त्याचा काय?"

"ता मी बगते," रखमा म्हणाली. "सगल्यांना आदीच सांगून ठेवते, हलू बोला म्हनून."

रविवारी वामन, सखू आणि रखमा बसने पावण्याला गेले. कारखान्यांच्या मधे दडलेलं गाव, गल्ली अरुंद, पण रखमाच्या भावाने दारात रांगोळी काढून ठेवली होती. मीटर कुठे बसेल, वायर कुठून येईल हे वामनने बघून सांगितलं. अधूनमधून आपल्या फजितीचेही दोन-तीन किस्से घातले, तेव्हा माणसं जास्त लक्ष देऊन ऐकायला लागली. मग पानं वाढली. कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. रखमाने वामनच्या ताटात कालवणाचा मोठा डाव घातला, आणि नको म्हणत असताना वर आणखी एक.

"खा गप," ती म्हणाली. "मीटरजवल बसायचा तं अंगात जोर पायजे."